आठ कुत्री आणि अठ्ठावन्न अंश

थर्मामीटर झाडावरून काढून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लावायचा, एवढाच निर्णय मी घेतला होता. स्वतःच्या घरात एक खिळा इकडचा तिकडे करण्याचं स्वातंत्र्य माणसाला असायला हरकत नाही, असं माझं मत आहे. (रोवीनाचं मत वेगळं आहे. रोवीना म्हणजे माझी बायको. आमच्या घरात मतं दोन असतात आणि अंमलबजावणी एकाची होते.)

त्या एका खिळ्यापायी आठ कुत्री पिंपासारखी फुगली, मी रेडिओवर बोललो, विद्यापीठातून एक बाई यंत्रं घेऊन दारात आली, आणि आमच्या टॅमरॅक रस्त्यावरच्या लोकांनी मला अशा अवस्थेत पाहिलं की अजूनही मी डेपोत शिरलो की मागून कोणीतरी हळूच भुंकतं.

आम्ही अलास्कात राहतो, फेअरबँक्सपासून तीस मैलांवर. मी एल्डन ओकसन, शाळेच्या बस डेपोत कारकून. बसगाड्यांचं वेळापत्रक मी करतो. (त्या वेळापत्रकाप्रमाणे बस येते असं मी म्हटलेलं नाही.) रोवीना स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, ओढणारी कुत्री पाळते. आठ आहेत. म्होरकी डचेस, नऊ वर्षांची, राणीसारखी चालणारी. मस्टर्ड हा तापट. बिस्किट हा माझ्या स्वभावाचा, म्हणजे जेवणाच्या वेळेला सर्वांत आधी हजर. बाकीच्या पाचांची नावं मी आजही चुकवतो, आणि तीही मान वळवून मला तसं कळवतात.

डिसेंबरात आमच्या खोऱ्यात साठ मैलांची शर्यत असते. रोवीना दरवर्षी उतरते आणि दरवर्षी अकरावी किंवा बारावी येते. यंदा मात्र तिनं मनावर घेतलं होतं, कारण डचेसचा हा शेवटचा हंगाम. "या म्हातारीला एकदा तरी पहिल्या पाचांत आणायचंय," असं ती जुलैपासून म्हणत होती. आणि ऐन सप्टेंबरात, कुत्र्यांची तालीम सुरू व्हायच्या वेळेला, तिच्या बहिणीला जुळं झालं. बहीण राहते अँकरेजला. तीन आठवडे जाणं भाग होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला अंगणात उभं केलं.

"एल्डन, नीट ऐक. उन्हाळाभर ही बसून आहेत. आता हळूहळू तयार करायची. पहिला आठवडा दोन मैल, मग चार, मग सहा. भल्या पहाटे, गारव्यात. पळताना यांचं अंग भट्टीसारखं तापतं, आणि घाम येतो तो फक्त पंजांना. बाकी सगळी उष्णता जिभेवाटे बाहेर टाकायची. हवाच गरम असली तर टाकणार कुठे? आणि ही जात अशी की दमलं म्हणून थांबत नाही, पळता पळता कोसळते. म्हणून पारा पन्नासच्या वर असला तर जुंपायचं नाही."

"आणि एकोणपन्नास असला तर?"

"तर जुंपायचं."

"आणि बरोबर पन्नास असला तर?"

रोवीनानं डोळे मिटून घेतले. लग्नाच्या सव्वीस वर्षांत तिनं जेवढे डोळे मिटलेत तेवढी माझी झोप झालेली नाही.

(आमच्याकडचे अंश फॅरेनहाइटचे. बत्तिसाला पाणी गोठतं आणि पन्नासला माझा मेहुणा अर्ध्या चड्डीवर अंगणात बसतो. गैरसमज नको.)

"आणखी एक," ती म्हणाली. "तुला काय वाटतं ते विचारात घ्यायचं नाही. गेल्या वर्षी तू म्हणालास, काय मस्त गारवा आहे, आणि पारा होता त्रेसष्टवर. मस्टर्डला घेऊन तासभर ओढ्यात बसावं लागलं मला. थर्मामीटर सांगेल ते खरं. तुझं वाटणं नको."

"नको तर नको."

"आणि पळाली त्या दिवशी दोन डाव माशाचं खाणं. नाही पळाली तर एकच."

मी मान डोलावली. ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझ्या लक्षात आलं की थर्मामीटर आहे कुत्र्यांच्या आवाराजवळच्या बर्चच्या झाडावर, म्हणजे घरापासून ऐंशी पावलांवर. ऐंशी पावलं जायची, अंधारात आकडा वाचायचा, ऐंशी पावलं परत यायची. तीन आठवडे रोज. मी कारकून आहे. गुणाकार केला आणि घाबरलो. शिवाय मला थंडी फार वाजते. म्हणून मी हातोडी घेतली आणि थर्मामीटर स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ठोकला. आता कॉफीचा कप हातात धरून, आतून, मोजे घातलेल्या पायांनी तापमान वाचता येणार होतं. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की आणखी एक सुख स्वतःला बहाल केलं.

ते सुख म्हणजे तापवलेली विजार. पहाटे थंडगार विजारीत पाय घालणं हा माणसावरचा अन्याय आहे. कपडे वाळवायच्या यंत्रात विजार आणि मोजे दहा मिनिटं फिरवले की ते नुकत्याच भाजलेल्या पावासारखे निघतात. रोवीना असताना हे चालत नाही. ("यंत्र कपडे वाळवायला आहे, तुला शेकायला नाही.") ती नव्हती. मी यंत्र सुरू केलं, कॉफी ओतली, खिडकीतून पाहिलं. पारा अठ्ठावन्न.

"अरे वा," मी स्वतःशीच म्हणालो, "आज जुंपायचं नाही." आणि गरम विजार घालून पुन्हा अंथरुणात शिरलो.

दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. तिसऱ्या दिवशी एकोणसाठ. (त्या दिवशी लोकरीची विजार होती.) संध्याकाळी रोवीनाचा फोन आला.

"किती मैल झाले?"

"शून्य. पहाटे अठ्ठावन्न अंश होते."

"सप्टेंबरात? पहाटे?"

"रोज."

"तुला नक्की दिसतंय ना? चष्मा लावला होतास?"

"लावला होता. तीनदा वाचला."

मागून दोन बाळं एकाच सुरात रडत होती. "हवामानाचं काही खरं राहिलं नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काळजी होती. "एल्डन, मग त्यांना सावली कर. पाणी भरपूर ठेव. गरमीत अंगावरचे दाट केस त्यांना जड होतात रे. जपून."

बायकोनं 'जपून' म्हटल्यावर मी मागे हटणारा माणूस नव्हे. चांगल्यातल्या दोन चादरी बांधून आवारावर मांडव घातला. बैठकीतला मोठा पंखा बाहेर नेऊन कुत्र्यांसमोर लावला. माशाचं पाणी बर्फाच्या साच्यात गोठवून त्याच्या कांड्या केल्या आणि प्रत्येकाला दुपारी एकेक दिली. आणि खाणं? एकच डाव वाढायला गेलो तेव्हा बिस्किटनं माझ्याकडे असं पाहिलं की डाव पुन्हा पातेल्यात गेला. गरमीनं आधीच बिचारी मलूल झालेली (मला तशी वाटली), त्यात उपाशी ठेवायचं? मी दोन डाव वाढले. मग मस्टर्डनं पाहिलं. मी अडीच केले. आठवडा संपता संपता मी डाव मोजणं सोडलं आणि पातेलंच ठेवू लागलो.

मनात शंका आली नाही असं नाही. कामावर निघताना गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडावं लागत होतं. कुत्र्यांच्या पाण्यावर सकाळी पापुद्रा धरलेला असे. मला स्वतःला इतकी थंडी वाजत होती की एकदा टोपी घालून आंघोळीला गेलो. पण तुझं वाटणं नको, असं मला बजावून सांगितलं होतं. काच गोठली ती तिच्या मर्जीनं. मी थर्मामीटरशी एकनिष्ठ राहिलो.

दहाव्या दिवशी एफीआजी आल्या. एफी टायटस आमच्या शेजारी, म्हणजे पाऊण मैलावर. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या आजोबांपासून त्यांच्या घरात कुत्री आहेत, आणि त्यांना कुत्र्यांबद्दल जे माहीत नाही ते कुत्र्यांनाही माहीत नाही. फरची टोपी कानांपर्यंत ओढून त्या आवाराच्या दाराशी उभ्या राहिल्या. समोर मांडव, मांडवाखाली आठ कुत्री उताणी, आणि त्यांच्यावर वारा घालणारा पंखा.

"एल्डन," त्या म्हणाल्या, "कोणाचं लग्न आहे का?"

"गरमी आहे ना, आजी."

"कुठे?"

"इथेच. आपल्याकडे. पहाटे अठ्ठावन्न असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगावर दोन स्वेटर होते. मग त्यांनी बिस्किटच्या पोटाखाली हात घातला, उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "माझा बटाट्यांचा काटा आणते," म्हणाल्या.

बिस्किट उन्हाळ्यात पन्नास पौंडांचा होता. बटाट्यांच्या काट्यावर तो एकसष्ट भरला. तोही एक पाय खाली ठेवून.

"सूज असेल," मी म्हणालो. "उष्णतेची."

"सूजच आहे," एफीआजी म्हणाल्या. "माशाची."

पण गोष्ट तोवर माझ्या हातातून निसटली होती. रोवीनानं काळजीपोटी तीन जणींना फोन केले होते, त्या तिघींनी प्रत्येकी चौघांना, आणि शुक्रवारी सकाळी आमच्या खोऱ्याच्या रेडिओवरचा चेस्टर मला थेट कार्यक्रमात घेऊन बोलत होता. मी डेपोत, टेबलाखाली डोकं घालून, फोन कानाला लावून.

"एल्डन, तुमच्याकडे गरम होतंय म्हणे."

"मला नाही. थर्मामीटरला."

"आमच्या स्टेशनबाहेर आज तेहेतीस आहे. तुमच्याकडे?"

"साठ." (पहाटे दोन विजारी होत्या. रविवारचं धुणं राहिलेलं.)

"म्हणजे फक्त तुमच्या घरापाशी गरम हवा आहे?"

"तसंच दिसतंय."

"कारण काय असेल?"

आता, रेडिओवर माणसानं 'माहीत नाही' म्हणावं आणि गप्प बसावं. पण अख्खं खोरं ऐकतंय या कल्पनेनं मला चढली. मी म्हणालो, "टेकड्यांमध्ये गरम हवेचा एक कप्पा अडकला असावा. डोंगराळ भागात असं होतं." (असं होतं की नाही हे मला आजही माहीत नाही.)

"मग कुत्रे पाळणाऱ्यांना काय सल्ला द्याल?"

"पंखा लावा," मी गंभीरपणे म्हणालो.

सोमवारी संध्याकाळी विद्यापीठातून फोन आला. डॉक्टर मारित ल्युंड, हवामान विभाग. फार नम्र बाई. त्यांना तो कप्पा पाहायचा होता. मंगळवारी पहाटे सव्वापाचला त्या आल्या, तीन पेट्या आणि एक तिपाई घेऊन. मी स्वागताची तयारी म्हणून विजार आधीच यंत्रात टाकून ठेवली होती, कारण पाहुण्यांसमोर कुडकुडणं बरं दिसत नाही. तोवर अंगात झोपायची चड्डी आणि वर कोट.

बाईंनी पहिलं यंत्र आवारात लावलं. एकतीस. दुसरं बर्चखाली. एकतीस. तिसरं खिडकीपासून वीस पावलांवर. एकतीस. मग त्या माझ्या थर्मामीटरजवळ गेल्या, विजेरी रोखली आणि पुटपुटल्या, "अठ्ठावन्न."

"बघा," मी म्हणालो.

त्यांनी थर्मामीटरला बोट लावलं. बोटाला राखाडी कापसासारखं काहीतरी चिकटलं. त्यांनी ते विजेरीसमोर धरून पाहिलं. मग खाली पाहिलं. थर्मामीटरच्या बरोबर एक हात खाली, भिंतीतून बाहेर आलेला एक पत्र्याचा नळ होता आणि त्यातून छान ऊबदार वाफ वर येत होती. त्या नळाकडे मी अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. तो आहे आणि तिथून कपडे वाळवायच्या यंत्राची गरम हवा, कपड्यांच्या तंतूंसकट, बाहेर पडते, हे मला त्या क्षणी, पाहुण्यांच्या देखत कळलं.

"मिस्टर ओकसन," बाई म्हणाल्या, "आत्ता घरात काय चालू आहे?"

"काही विशेष नाही. माझी विजार तापतेय."

"रोज?"

"रोज."

"याच वेळेला?"

आतून यंत्राची घंटी वाजली. विजार तयार झाली होती.

बाईंनी वही काढून काहीतरी लिहिलं. खरोखर नम्र बाई. हसल्या त्या पाठ करून हसल्या. मी मान लांब करून वाचलं. 'उष्णतेचा स्रोत' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'विजार'.

जाताना त्या एफीआजींकडे कॉफीला थांबल्या. त्यामुळे आठ वाजेपर्यंत ही बातमी न कळलेले तीनच जीव उरले होते, ते म्हणजे अँकरेजची जुळी आणि रोवीना. चेस्टरनं दुपारच्या हवामानात एवढंच सांगितलं की खोऱ्यात सर्वत्र एकतीस आणि श्रीयुत ओकसन यांच्या पायांना साठ.

रोवीना रविवारी येणार होती. माझ्याकडे शुक्रवार आणि शनिवार एवढे दोन दिवस मोकळे होते. बुधवार-गुरुवार मी विचारात घालवले आणि शुक्रवारी रजा टाकून ठरवलं की तीन आठवड्यांची तालीम दोन दिवसांत उरकायची. निदान सुरुवात तरी दिसावी. मी फटफटी बाहेर काढली. चार फुगीर टायरांची आमची फटफटी. बर्फ पडेपर्यंत स्लेजच्या जागी तीच. इंजिन बंद, गिअर मोकळा, वर आपण बसायचं आणि पुढे कुत्र्यांनी ओढायचं. एफीआजी कुंपणाशी आल्याच.

"आठही एकदम जुंपतोयस?"

"दोनच मैल, आजी."

"एल्डन, अठ्ठावीस अंश आहे. ही यांची हवा. तीन आठवडे बसून खाल्लंय त्यांनी. जोर भरलाय, दम नाही. सुटताना झाडं उपटतील आणि मैलभरात लोळतील. चारच जुंप, आणि पायी चालव."

"मी ब्रेक धरून ठेवीन."

त्यांनी टोपी आणखी खाली ओढली. हसू लपवायला असावी.

बिस्किटचा साज पोटाला पुरेना. तो मी दोरीनं वाढवला. डचेसला पुढे बांधलं. तिनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर मी उतरलो असतो. मी म्हणालो, "हळू हं, पोरांनो."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गारवा त्यांच्या नाकात शिरला आणि तीन आठवड्यांची माशांची ताकद एकदम बाहेर पडली. ब्रेक मी धरला होता. तो माझ्या हातात आला. फाटक मी उघडलं होतं. ते बरंचसं उघडलं होतं, पुरेसं नव्हतं. मांडवाची एक चादर आमच्याबरोबर आली आणि रस्ताभर माझ्या मानेभोवती फडफडत राहिली. आमच्या कुंपणाला लागून असलेल्या एफीआजींच्या कोबीच्या वाफ्यातून आम्ही गेलो तेव्हा त्या मोठ्यानं मोजत होत्या. "सात. आठ. नऊ." कोबी मोजत होत्या, हे मला नंतर समजलं.

आणि मग, बरोबर एका मैलावर, मोठ्या रस्त्याच्या मधोमध, आधी बिस्किट बसला. मग मस्टर्ड. मग जणू शिट्टी वाजल्यासारखी आठही खाली. जिभा हातभर बाहेर, पोटं भात्यासारखी हलतायत, आणि चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान. मी धावत जाऊन डचेसच्या छातीवर हात ठेवला. ठोके भराभरा पडत होते. त्या क्षणी मला हसू वगैरे काही येत नव्हतं. या म्हातारीचा शेवटचा हंगाम, आणि मी गरम विजारीसाठी तो घालवला होता. मी तिच्या शेजारी रस्त्यावर बसलो, तिला ओंजळीनं पाणी पाजलं आणि तिची माफी मागितली. तिनं माझा चष्मा चाटला.

त्यांना धाप लागली होती, पण अठ्ठावीस अंशांत ती लवकर उतरते. दहा मिनिटांत बिस्किट सोडून बाकीची सात उठून उभी राहिली. मात्र ओढायला कोणी तयार नव्हतं. फटफटीचं इंजिन चालू करावं म्हटलं तर पेट्रोल नव्हतं. कुत्री ओढणार असताना पेट्रोल कशाला, असा माझा हिशेब होता. रस्त्याच्या मधोमध राहता येईना, कारण समोर आठ वाजून पाचची शाळेची बस उभी होती. (माझ्या नोकरीत वेळेवर आलेली ती पहिली बस.) खिडक्या-खिडक्यांतून मुलं माना काढून बघत होती.

सातजणांना मी मोकळं करून लांब दोरीनं मागे बांधलं. बिस्किट मात्र उठेना. ओढून पाहिलं, मासा देतो म्हटलं, मासा दिला, खाल्ला आणि पुन्हा बसला. शेवटी एकसष्ट पौंडांचा तो ऐवज उचलून फटफटीच्या आसनावर ठेवला. त्याचा दोरीनं वाढवलेला साज होता, तो माझ्याच मापाचा निघाला. मी फटफटी घराकडे वळवली, साज छातीत अडकवला, वाकलो आणि ओढू लागलो. बिस्किटनं पुढचे दोन पंजे दांड्यावर ठेवले आणि तो रस्ता बघू लागला. बसनं हॉर्न वाजवला आणि आमच्या मागून हळूहळू, मिरवणुकीसारखी, येत राहिली.

पाव मैल झाला असेल. समोरून एक निळी गाडी आली, थांबली, आणि तिच्यातून रोवीना उतरली. रविवारऐवजी शुक्रवारी. (चेस्टरचा कार्यक्रम गुरुवारी अँकरेजच्या कोणीतरी फोनवरून तिला ऐकवला होता. तिनं त्याच रात्री सामान भरलं.)

ती रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं मला पाहिलं, साजाला पाहिलं, मानेभोवतीच्या चादरीला पाहिलं (लग्नात तिच्या आईनं दिलेली), आसनावरच्या बिस्किटला पाहिलं.

"तापमान किती आहे?" तिनं विचारलं.

"अठ्ठावीस," मी धापा टाकत म्हणालो.

"मग ठीक आहे. चालू दे."

आणि ती डचेसला घेऊन पुढे चालू लागली.

घरी पोचल्यावर ती डचेसच्या कुशीत बोटं घालून बरगड्या शोधत राहिली. "आहेत," मी म्हणालो, "आत आहेत." ती हसली नाही. मग तिनं हातोडी घेतली, थर्मामीटर काढला, ऐंशी पावलं चालत गेली आणि बर्चवर पूर्वीच्या जागी तिनं तो ठोकला. मग तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडत नाहीये. ती हसत होती, आणि ते मला दिसू नये म्हणून झाडाकडे तोंड करून उभी होती. सव्वीस वर्षांत मला एवढं हायसं कधी वाटलं नव्हतं.

मग खरी तालीम सुरू झाली. पहिल्या आठवड्यात नुसतं चालणं. मग अर्धा मैल पळणं, मग एक. खाणं मापून, माझ्या देखत नव्हे. ऑक्टोबरात बर्फ पडलं, पारा वीसवर आला, शून्यावर आला, आणि रोज थोडं थोडं त्यांच्या अंगावरची चरबी उतरून तिच्या जागी दम भरत गेला. मी रोज पहाटे बर्चपाशी जाऊन आकडा वाचून मोठ्यानं ओरडायचा, हे काम मला नेमून दिलं होतं. थंड विजारीत.

शर्यतीच्या दिवशी पारा शून्याच्या खाली अडतीस होता. काटक, सडसडीत कुत्र्यांचे ताफे विसाव्या मैलावरच अंगावर कोट चढवून उभे राहिले. आमच्या कुत्र्यांच्या अंगावर तीन आठवड्यांच्या पंख्यानं आणि माशानं आलेला थर होता, तो सगळा गेला नव्हता. रोवीना चौथी आली. डचेस शेवटच्या वळणावर इतकी ऐटीत आली की एफीआजींनी टोपी काढली. लोकांनी रोवीनाला गुपित विचारलं. तिनं गंभीरपणे सांगितलं, "सप्टेंबरात पंखा लावा." पुढच्या आठवड्यात आमच्या रस्त्यावर दोघांनी खरंच लावला.

मला वाटलं, आता माझी पत थोडी सावरली. म्हणून जानेवारीत जुळ्यांच्या बारशाला रोवीना तीन दिवसांसाठी निघाली, तेव्हा मी पुढे होऊन म्हणालो, "काळजी करू नकोस. कुत्री मी बघतो."

"नको," ती म्हणाली. "एफीआजींना सांगितलंय. त्या येऊन जातील."

ती गेल्यावर एफीआजी आल्या आणि एक कागद टेबलावर ठेवून कॉफी करू लागल्या. रोवीनाचं अक्षर. प्रत्येक कुत्र्याचं नाव आणि पुढे सूचना. डचेसला कोमट पाणी. मस्टर्डला शेवटी वाढा, भांडतो. असं आठही जणांचं.

ओळी मात्र नऊ होत्या. नववीच्या सुरुवातीला माझं नाव होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'चावत नाही. सारखं खायला मागेल. देऊ नका.'